पुढची खोली आणि शेवटच्या पानांचे कपाट

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त शालेय ग्रंथपाल, लग्न होऊन आले तेव्हापासून याच घरात राहणारी, आज पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी राग अंगात शिल्लक असताना माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायची या घरात कोणाची टाप नाही, हे साक्षीदार सांगतील.

मागच्या थंडीत छातीच्या दुखण्याने दवाखान्यात पडून होते. सुटताना डॉक्टर म्हणाले, "आता जपा." डॉक्टर लोक जपा म्हणतात तेव्हा त्यांना आवराआवर करा असे म्हणायचे असते. म्हणून आवरते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे एखादे सापडलेच तर ते खोटे समजावे.

मसुदा वकीलबाईने करून आणला होता. चांगला होता, पण तो कोणाच्याही नावावर खपला असता. म्हणून त्याच्यावरून पुन्हा माझ्या हाताने लिहिते आहे. कायद्याचे शब्द तिचे, बाकीचे माझे. ती माझी विद्यार्थिनी, तेव्हा तिला अहोजाहो करणे मला या वयात जमणार नाही.

कलम पहिले, घर आणि बँक

हे घर सासऱ्यांनी बांधले. वरचा मजला धाकट्या दिरांचा, खालचा आमच्या यांचा. हे गेल्यावर खालचा माझ्या नावावर झाला. मला मूलबाळ नाही. खाली तीन खोल्या आहेत: रस्त्याकडची पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. यांपैकी मधली खोली, स्वयंपाकघर आणि बँकेत जे काही असेल ते मी माझ्या पुतण्याला, म्हणजे दिरांच्या मुलाला देते. शिलाई मशीन पुतसुनेला. ते अधूनमधून टाके सोडते, पण बाजूने एक चापट मारली की शहाण्यासारखे चालते.

पुतण्याला पुढची खोली का नाही, हे सगळ्यांना कळावे म्हणून सांगते. पोरगा गुणी आहे. दवाखान्यात रोज सकाळी डबा घेऊन आला, नर्सशी माझ्या वतीने भांडला, आणि मी भांडले तेव्हा माझ्या वतीने माफीही मागून आला. तर मी त्याला एकदा सरळ विचारले, पुढची खोली तुला दिली तर काय करशील?

"काकू, खोटं बोलून घेणार नाही," तो म्हणाला. "मी ती शिकवणीच्या क्लासला भाड्यानं देणार. क्लासवाले दोनदा येऊन गेलेत. रस्त्यावरची खोली आहे, शाळा जवळ आहे."

"आणि पुस्तकं?"

"कोणी घेतली तर देऊ. पण शेवट नसलेली पुस्तकं घेणार कोण? रद्दीवाला सुद्धा नाक मुरडेल."

मला त्याचा राग आला नाही. खरे बोलणाऱ्या माणसाला कुठे ठेवायचे ते कळते. त्याला मी मधल्या खोलीत ठेवले.

कलम दुसरे, पुस्तके, आणि ती अशी का आहेत

रद्दीवाला नाक मुरडेल हे खरे आहे. पुढच्या खोलीतल्या गोष्टीच्या प्रत्येक पुस्तकाचा शेवट मी काढून ठेवलेला आहे. हे वेड नाही. वेड ठरवून कोणी या कागदाला आव्हान देऊ नये म्हणून त्यामागची हकिकत इथेच लिहिते.

मी शाळेत ग्रंथपाल असताना नववीत एक मुलगा होता. मागचा बाक, आणि वाचनाच्या तासाला खिडकीबाहेर बघण्यात पटाईत. त्याला मी एकदा चोरांच्या टोळीची एक जाड कादंबरी बळेच हातात कोंबली. आठवड्याने तो तणतणत टेबलापाशी आला. "बाई, हे काय पुस्तक देता? शेवटची पानंच नाहीत याला."

बघितले तर शिवण उसवून शेवटची पाने गळून पडलेली. मी त्याच्याकडे बघतच राहिले. शेवट नाही हे कळायला माणसाला तिथवर पोचावे लागते, आणि हा पोचला होता. मी म्हटले, "पानं शोधते. पण तोवर तू सांग, पुढं काय झालं असेल?" मधली सुट्टी संपली, घंटा झाली, तरी तो बोलत होता. वर्गात ज्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, तो मला त्या टोळीतल्या कोणी कोणाला दगा दिला असेल हे हातवारे करून समजावत होता. पाने कपाटाच्या मागे सापडली. ती वाचून तो म्हणाला, "माझं जास्त चांगलं होतं." आणि दुसरे पुस्तक मागितले.

आमचे हे छापखान्यात बांधणी खात्यात होते. पुस्तक म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या. एकेका घडीला फॉर्मा म्हणतात, आणि असे फॉर्मे एकावर एक रचून शिवतात. मी त्या संध्याकाळी यांच्यापुढे स्वतःच्या पैशाने घेतलेली चार पुस्तके ठेवली आणि म्हटले, यांचा शेवटचा फॉर्मा वेगळा करून द्या. हे म्हणाले, "लोक माझ्याकडं शिवून घ्यायला येतात. बायको मिळाली ती उसवून मागणारी." पण दिली करून. शेवटच्या फॉर्म्याला वेगळे पातळ कव्हर घातले, पुस्तकालाही नवे पुठ्ठे घातले, आणि मग मलाही शिकवले.

तेव्हापासूनची रीत अशी. पुस्तक घरी न्यायचे, शेवट कपाटात राहणार. पुस्तक सरत आले की संध्याकाळी पाचनंतर यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि पुढे काय होईल ते सांगायचे. बरोबर-चूक काही नाही, गुण नाहीत, सारांश तर मुळीच नाही. सांगून झाले की मी कपाट उघडते. रीत एवढीच, आणि तिच्या जोरावर आठवी ते दहावीची मुले या खोलीत येत राहिली. मुले पाठीमागे मला अर्धवट बाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तोंडावर म्हटले तरी चालेल, पुस्तक तेवढे परत आणावे.

म्हणून स्पष्ट करते: पुस्तके आणि शेवटांचे कपाट ही एकच मालमत्ता आहे. खाली मी स्वतः नेमून दिलेली तीन पुस्तके सोडली तर ती कधीही, कोणत्याही वाटणीत, दोन ठिकाणी जाता कामा नये. वेगळी झाली तर दोन्ही रद्दी.

कलम तिसरे, माजी मुख्याध्यापक

आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी वाचनाचा तास बंद करून तिथे गणिताचा जादा तास घातला. मी तक्रार केली तर म्हणाले, "बाई, गोष्टी वाचून कोणाचं भलं झालंय?" वर मला पुस्तकांची मोडतोड केल्याबद्दल मेमो दिला. पुस्तके माझ्या मालकीची होती, शाळेची नव्हती. मेमोचा कागद मात्र जाड आणि चांगला होता, तो मी एका प्रवासवर्णनाच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून लावला.

त्यांना माफ करावे असे घरात सगळ्यांचे म्हणणे आहे. मी केलेले नाही. पण अलीकडे ते रोज संध्याकाळी फिरायला जाताना आमच्या फाटकापाशी चपलेचा पट्टा नीट करायला थांबतात आणि आत बघतात. बूट घातलेले असतात तेव्हाही थांबतात. तेव्हा त्यांना मी खुनाच्या तपासाची एक जाडजूड कादंबरी देते, शेवटाशिवाय. शेवट हवा असल्यास त्यांनी पाच वाजता यावे, मुलांच्या रांगेत उभे राहावे आणि खुनी कोण ते कारणासहित सांगावे. माझ्या मते त्यांना नाही जमणार. जमले तर शेवट द्यावा, आणि चहाही.

कलम चौथे, वकीलबाई

ही दहावीत असताना माझ्या हातून एक घोटाळा झाला. मी एकाच संध्याकाळी दोन पुस्तकांचे शेवट शिवले आणि कव्हरे अदलाबदल झाली. हिने नेली होती चोरीची गोष्ट, आणि मी तिला शेवट दिला तो एका मोठ्या कुटुंबाच्या कादंबरीचा, ज्यात सगळे लग्नाला जमतात. दुसऱ्या दिवशी आली ती खुशीत.

"बाई, मस्त शेवट आहे. चोर सापडत नाही, पण तो लग्नातच आहे. नवऱ्या मुलाचा मामा."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटले, "अगं, पण सगळ्यांची नावं वेगळी आहेत."

"चोरी करून पळालेला माणूस नाव बदलणार नाही का?"

"आणि गाव?"

"गावही."

खरा शेवट दाखवला तरी ऐकेना. शेवटी मीच मान्य केले की नवऱ्या मुलाचा मामा जरा संशयास्पद आहे. त्याच दिवशी यांना म्हटले, ही पोरगी वकील होणार, नाहीतर तुरुंगात जाणार. ती दोन्ही पुस्तके, तिने वाचली तशीच चुकीच्या शेवटासह, तिला देते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मसुदा करणाऱ्या वकिलाने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. माझ्या म्हणण्याप्रमाणे तिने गप्प बसावे आणि घ्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे, आणि त्यासाठी मी तिला आगाऊ आशीर्वाद देते, फी नाही.

कलम पाचवे, पुढच्या खोलीचे नियम

यांची बांधणीची हत्यारे, म्हणजे पुस्तक आवळून धरायचा लाकडी शिकंजा, दाभण, सुया, मेणाचा दोरा आणि घडी दाबायची पट्टी, खोलीतच राहतील. कुलपात ठेवू नयेत. ज्या मुलाला पुस्तक शिवून बघायचे असेल त्याला शिवू द्यावे. दाभण टोकदार आहे हे एकदा सांगावे. दुसऱ्यांदा ते स्वतःच सांगते.

पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यात सोडण्याची पूर्ण मुभा असावी, आणि का सोडलेस असे पोलिसासारखे विचारू नये. गोष्टीचे तात्पर्य विचारणाऱ्या मोठ्या माणसाला खोलीत घेऊ नये. आईबाप चौकशीला आले तर त्यांना बसायला स्टूल द्यावे आणि हातात एक पुस्तक द्यावे, बहुतेक आपोआप निघून जातात. काही राहतातही. नुसते पंख्याखाली बसायला येणाऱ्या मुलाला हाकलू नये. पंख्याखाली बसून बसून कंटाळा आला की हात फळीकडे जातोच, माझ्या डोळ्यांदेखत किती हात गेलेत. स्पर्धा, बक्षिसे, हार-तुरे घालून फोटो, असले काही करू नये. माझाही फोटो लावू नये, त्या भिंतीवर अजून एक फळी मावते.

आणि मी गेले म्हणून खोली बंद ठेवू नये. पाच वाजता उघडावी. एखादे मूल शेवट ऐकायला आले आणि दाराला कुलूप बघून परत गेले, तर ते पुन्हा येईलच असे नाही. या वयाची मुले दुसऱ्यांदा येत नाहीत. मला बाकी कसलीच भीती वाटत नाही, ही एकच वाटते.

कलम सहावे, भावोजी

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्यांच्याकडे येते. माझे धाकटे दीर वीजमंडळातून निवृत्त झाले. तिथे ते घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. पुस्तकाचे नाव काढले की म्हणायचे, "वहिनी, जन्मभर वाचतच आलोय, आता डोळ्यांना सुट्टी." या खोलीशी त्यांचे कधी पटले नाही. जिन्यात चपलांचा ढीग असतो, मुलांचा आवाज वर येतो, पंखा फुकट फिरतो. पंख्याची तर त्यांना इतकी काळजी की तो किती वीज खातो हे ते मला जिन्यातून ओरडून सांगत. मीही ऐकून घेणारी नव्हे. आमचे हे गेल्यापासून या घरात मोठ्याने बोलायला आम्ही दोघेच उरलो होतो, तेव्हा भांडणाची सवय दोघांनीही मोडली नाही.

मला दवाखान्यात नेले तेव्हा शेवटांच्या कपाटाची किल्ली माझ्या बटव्यात राहिली, आणि बटवा उशाखाली. खोलीचे काय, हे मी कोणाला विचारले नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

पुतण्या मला घेऊन घरी आला. गाडीतून उतरते तो जिन्याशी चपलांचा हा ढीग. पुतण्याला म्हटले, "माणसं जमलीत. मी गेले की काय?" दार ढकलले. माझ्या खुर्चीवर भावोजी. नाकावर चष्मा, मांडीवर बोटीच्या सफरीची कादंबरी, आणि समोर आठवीतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी.

"अगं, कप्तान आहे तो," भावोजी म्हणत होते. "असा बोट सोडून पळेल का?"

"आजोबा, तो घाबरट आहे. वादळात खोलीत दडून बसला होता की नाही?"

"ताप आला होता त्याला."

"ताप आला असं तो सांगतो."

भावोजींनी पाने मागे उलटली आणि ती जागा पुन्हा वाचली. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. मग ते म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." ती मुलगी अशी फुलली की बस्स.

मी दारातच रडले. हे लिहायला मला काही कमीपणा वाटत नाही. मला बघून भावोजी खुर्चीतून ताडकन उठले. "पोरं दारात उभी राहायची, म्हणून उघडलं," म्हणाले. "किल्ली नव्हती. शेवट देता येईनात. मग म्हटलं, बसा, वादच घालू." आणि मग, माझी तब्येत विचारायच्या आधी, "वहिनी, तो पळतो का हो?"

रीत ती रीत. मी म्हटले, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा आधी."

ते खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले आणि सांगायला लागले.

कलम सातवे, पुढची खोली

वरील सर्व लक्षात घेऊन पुढची खोली, तिच्यातली पुस्तके, शेवटांचे कपाट व त्याची किल्ली यांचा तहहयात वापर मी माझ्या धाकट्या दिरांना देते. त्यांनी ती रोज पाच वाजता उघडावी आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढे काय होईल ते विचारावे. त्यांच्या हयातीत कोणालाही ती खोली भाड्याने देता, विकता किंवा रिकामी करवता येणार नाही. त्यांच्या पश्चात ती पुतण्याकडे जाईल आणि तो तिचे काहीही करायला मोकळा राहील.

हे शेवटचे वाक्य मी सुखाने लिहिलेले नाही. खोली कायमची बांधून ठेवता येईल का, ट्रस्ट करता येईल का, सगळे विचारून झाले. वकीलबाईने मार्ग सांगितले. पण मुले कागदाकडे बघून येत नाहीत, समोर कोण बसले आहे ते बघून येतात. समोर बसणारा माणूस मला एकच मिळाला आहे. पुतण्याला हे वाचून दाखवले. तो म्हणाला, "म्हणजे बाबा आहेत तोवर खोली आहे."

"हो."

"काकू, बाबांचं वय बघितलंस का?"

बघितले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या ते खिशात ठेवतात आणि विसरतात तेही माहीत आहे. पंखा पुसायला अजून स्टुलावर चढतात, मुलांनी अडवले तर त्यांनाच खाली उभे करून फडके धरायला लावतात, तेही बघितले आहे. म्हणून या कलमाला मी एक अट जोडत आहे.

भावोजी, तुम्ही जगायचे आहे. आज जी मुले आठवीत आहेत ती दहावी पार करेपर्यंत निश्चित जगायचे आहे. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, स्टुलावर चढायचे नाही, आणि माझ्या मागे एकटे वर बसून राहायचे नाही. पाच वाजले की खाली यायचे.

वकीलबाई म्हणाली, "बाई, ही अट कायद्यात बसत नाही."

"बसव."

"आणि अटीचा भंग झाला तर?"

"तर त्यांची गाठ माझ्याशी आहे."

तिने पेन खाली ठेवले. मग म्हणाली, लिहा तुम्ही. म्हणून लिहिले आहे. भावोजी, आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. शाळेत दर वर्षी नवी आठवी येते.

एवढे माझे म्हणणे. पुन्हा वाचून पाहिले, खाडाखोड नाही, रागही बराच उतरला आहे. जे लिहिले ते माझ्या मनातले आहे आणि माझ्या मागे तसेच व्हावे.

मृत्युपत्र करणारीची सही : (सही)

आमच्यासमोर सही झाली. सही करताना बाई शुद्धीत होत्या आणि आम्हाला नीट उभे राहा म्हणाल्या.

साक्षीदार पहिले : (सही) कोपऱ्यावरच्या औषध दुकानाचे मालक

साक्षीदार दुसरे : (सही) शाळेतील सध्याचे ग्रंथपाल, वाचनाच्या तासाच्या प्रतीक्षेत

ठिकाण : राहते घर, पुढची खोली

दिनांक : शाळा नव्या वर्षासाठी उघडली तो सोमवार, संध्याकाळी पाचच्या आत

(खालच्या दोन ओळी भावोजींनी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. कायद्याने त्यांची गरज नाही असे वकीलबाईचे मत पडले. मी राहू दे म्हटले.)

सगळे वाचले. वहिनी, अट अवघड आहे.
मान्य.